कंडक्टरच्या मापाचा ओटा

चंपाबाईंनी तीस-बत्तीस वर्षं जमिनीवर बसून रांधलं, आणि एवढ्या वर्षांत शेषरावांना त्यात काही गैर दिसलं नाही. दिसायला आधी स्वयंपाकघरात जावं लागतं. शेषराव ताटावर यायचे आणि ताटावरून उठायचे. मधे जे काही घडत असेल ते आपोआप घडतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

शेषराव एसटीत कंडक्टर होते. सहा फूट उंच. गाडी कितीही भरलेली असो, मागच्या दारातून चढलेल्या माणसालाही त्यांचं डोकं दिसायचं आणि आवाज तर मालेगावच्या स्टँडवर उतरलेल्यालाही ऐकू यायचा. चंपाबाई अनसिंगच्या. अंगानं चिमणीएवढ्या. लग्नात हार घालायच्या वेळी मामानं उचलून धरलं होतं, तेव्हा कुठे हार नवऱ्याच्या गळ्यापर्यंत पोचला. त्यानंतर मात्र घरातलं सगळं त्यांनी कुणी उचलून न धरता केलं. दिवसा लोकांच्या वावरात निंदण, संध्याकाळी घरी भाकरी. मुलगा विनोद शिकला, पुण्याला लागला, त्यानं तिथे फ्लॅट घेतला. शेषरावांचा निवृत्तीचा पैसा त्या फ्लॅटच्या भिंतींत चिणला गेला. फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. आईबापांनी तो एकदा पाहिला.

गेल्या उन्हाळ्यात चंपाबाई भाकरी थापून उठायला गेल्या आणि उठल्याच नाहीत. गॅसच्या टाकीला धरून बसून राहिल्या. शेषराव ताटावर वाट बघत होते, त्यामुळे त्यांना हे बऱ्याच उशिरा कळलं.

वाशीमच्या डॉक्टरांनी गुडघ्यांचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, "मांडी घालून बसणं बंद. यापुढे उभं राहूनच स्वयंपाक."

"काई गोळी-बिळी नाही काय, साहेब?" शेषरावांनी विचारलं. गोळी ओट्यापेक्षा स्वस्त पडली असती.

गोळी नव्हती. तेव्हा घरात ओटा बांधायचं ठरलं, आणि ठरताक्षणी स्वयंपाकघर हा शेषरावांच्या अखत्यारीतला विषय झाला.

"पन्नास हजाराच्या वर एक रुपया जाऊ देनार नाही," त्यांनी जाहीर केलं. "अन् जागेची तू चिंता करू नको. चाळीस सीटच्या गाडीत म्या नव्वद मानसं बसवले. दहा बाय सातची खोली म्हंजे मले काय!"

"नव्वद मानसं बसले नाही, लोंबकळले," चंपाबाई म्हणाल्या. पण हे त्यांनी कणीक मळता मळता म्हटलं. आणि कणीक मळणाऱ्या बाईचं बोलणं या देशात कोण ऐकतं?

विनोदनं पुण्याहून व्हिडिओ पाठवले. त्यात पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात पांढरीशुभ्र बाई एक लिंबू हातात घेऊन उभी होती. "आई, हे ड्रॉवर बघ, ढकललं की आवाज न करता हळूच बंद होतात," तो फोनवर म्हणाला.

"आमच्या घरी आवाज डब्याचा नसते होत, बाप्पू. मानसाचा होते. त्याच्यावर काई निंगालं असन तं पाठव."

त्या दिवसापासून व्हिडिओ बंद झाले.

मग खरेदी सुरू झाली. नवा माल घेणं हे शेषरावांच्या मते मूर्खाचं लक्षण होतं. शिरपूरला मिश्रीलाल शेठच्या दुकानामागे शिल्लक फरश्यांचा ढीग असायचा. ज्यांची पूर्ण पेटी होत नाही अशा. शेषराव दोन वेळा एसटीनं गेले, निवृत्तीची सवलत पुरेपूर वापरली आणि भिंतीपुरत्या टाइल्स घेऊन आले. काहींवर कॉफीचा कप होता, वाफेसकट. घरात कॉफी कुणी पीत नाही. काहींवर द्राक्षाचा अर्धा घड होता; उरलेला अर्धा घड कुणाच्या तरी भिंतीवर गेला असावा. आणि ते सगळं संपल्यावर कमी पडल्या तिथे निळे मासे.

"हे मासे न्हानीचे होत ना?" चंपाबाईंनी विचारलं.

"मासा तं मासा. न्हानीतला काय अन् सैपाकघरातला काय. मिश्रीलाल शेठनं सोता हातानं काढून देले."

मिश्रीलाल शेठच्या घरी अंडंसुद्धा येत नाही. मासे हातावेगळे केल्याचं त्यांना पुण्यच लागलं असेल.

भांडी धुण्याचं सिंक बंद पडलेल्या एका ढाब्यावरून आलं. चांगलं जाड स्टीलचं, फुकटात पडल्यासारखं. कढया धुवायला केलेलं असल्यामुळे त्यात एखादं वासरू उभं राहिलं असतं. सिंक ठेवल्यावर ओट्यावर गॅस आणि एक परात एवढ्याचीच जागा उरत होती. शेषराव म्हणाले, सरकवून घेऊ.

या सगळ्यात चंपाबाईंनी एकच गोष्ट मागितली होती. "मासे लावा का मगर लावा, मले फक्त हात पुरला पाह्यजे."

"पुरते, पुरते," शेषराव म्हणाले.

काम सुरू व्हायच्या वेळीच अनसिंगहून भावाचा फोन आला. वहिनीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आठवडाभर घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं. म्हणजे चंपाबाई. गुडघे दुखतात हे भावाला माहीत होतं. पण भाऊ स्वतः चहा करू शकत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. चंपाबाई गेल्या आणि तिथे जमिनीवर बसून रांधू लागल्या.

इकडे किशन मिस्त्रीनं विटा रचायला घेतल्या आणि विचारलं, "कंडक्टर साहेब, ओट्याची उंची किती ठेवू? वयनीले इचारून घ्या एकडाव."

"तिले काय इचारतं? मी उभा हाओ ना! घे माप."

शेषराव भिंतीला पाठ लावून, शाळेत राष्ट्रगीताला उभं राहतात तसे उभे राहिले. किशननं त्यांच्या कमरेच्या वर चार बोटं खूण केली. एकदा बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्याच्या घरी काम करायचं त्याच्याशी वाद घालून मिस्त्रीचं पोट भरत नसतं.

आठव्या दिवशी चंपाबाई परत आल्या. शेषरावांनी दाराशी उभं राहून, नव्या गाडीचं दार उघडावं तसं स्वयंपाकघराचं दार उघडलं. शेजारच्या विमलबाईही ओटा बघायला आल्या होत्या. काळा ग्रॅनाइट चकाकत होता. कॉफीच्या कपातून वाफ निघत होती. मासे पोहत होते.

चंपाबाई ओट्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागला.

चंपाबाईंनी दोन्ही हात वर करून ओट्यावर ठेवले. बँकेच्या खिडकीशी लहान मूल उभं राहतं, तशा त्या दिसत होत्या. त्यांनी परात पुढे ओढली आणि मळायचा आव आणून पाहिला. कणीक मळायला वरून भार द्यावा लागतो. इथे त्यांचे कोपर खांद्याच्या वर जात होते. गॅसवरच्या पातेल्यात काय शिजतंय ते त्यांना वासावरूनच कळलं असतं.

विमलबाईंनी पदर तोंडाला लावला. "छान झाला माय ओटा," त्या म्हणाल्या. "उजेड चांगला येते."

शेषराव खाकरले. "एक स्टूल आनू. लाकडी. त्याच्यावर उभी राह्यजो."

"डाक्टरानं उभं राह्य म्हनलं," चंपाबाई शांतपणे म्हणाल्या, "सर्कशीत जाय नाही म्हनलं."

एवढं बोलून त्यांनी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची आणली, स्वयंपाकघराच्या दारात ठेवली आणि तिच्यावर बसल्या. पाय लांब केले. त्यांना असं कामाविना बसलेलं विमलबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं.

"ज्याच्या मापाचा ओटा, त्याचा सैपाक," चंपाबाई म्हणाल्या. "पीठ डब्यात हाय. डबा कुठी हाय ते तुमालेच ठाऊक, तुमीच ठेवला."

शेषरावांना वाटलं, बाई चिडली आहे, संध्याकाळपर्यंत निवळेल. संध्याकाळी ते हात धुऊन ताटावर बसले. ताट रिकामं होतं. चंपाबाई खुर्चीवरच होत्या, आणि त्यांना भूक लागलेली अजिबात दिसत नव्हती. त्यांनी विमलबाईंकडे जेवण केलं होतं.

त्या दिवशी शेषरावांनी चुरमुरे खाल्ले. दुसऱ्या दिवशी वरण शिजवलं. त्यात हळद घालायची राहिली आणि मीठ दोनदा पडलं. भाकरी थापायला गेले तर ती परातीतच फाटली. चंपाबाई दारातून सांगत होत्या, "पानी जास्त झालं. आता पीठ जास्त झालं. आता काई नका करू, गिळून घ्या." शेषरावांनी आयुष्यभर लोकांना मागे सरका, पुढे सरका असं सांगितलं होतं; आता त्यांना कुणीतरी सांगत होतं, आणि तेही बसून.

पण माणूस हट्टी. पंधरवड्यात वांग्याची भाजी खाण्याजोगी झाली. मग जो प्रकार सुरू झाला त्याचा चंपाबाईंना खरा संताप आला. गल्लीतल्या बायका भाजी चाखायला येऊ लागल्या. "काय मानूस हाय! बायकोले रांधून घालते!" किशन मिस्त्री येऊन दोन घास खाऊन गेला आणि चौकात सांगत सुटला. विनोदनं बापाचा ओट्यापुढचा फोटो स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'माझा हिरो'. त्याला दोनशे लोकांनी हात जोडले.

चंपाबाईंनी फोन लावला. "काहून रे, तीस वर्षं मी रांधलं तवा तुह्या फोनले कॅमेरा नोता काय?"

विनोद म्हणाला, रेंज जाते आहे.

महिनाभरानं शेषरावांचे पाय भरून येऊ लागले. हीरोगिरी दोन वेळची असली की अंगावर येते. एक दिवस कुणालाही न विचारता त्यांनी किशनला बोलावलं. ग्रॅनाइट उखडला तर फुटणार होता, म्हणून ओटा खाली करता येत नव्हता. तेव्हा ओट्यापुढची जमीनच उचलली. आडवी लांबलचक पायरी घातली, वर उरलेले मासे लावले. या वेळी किशननं मापाला चंपाबाईंना उभं केलं, आणि शेषराव बाहेर अंगणात जाऊन बसले.

पायरीवर उभं राहिल्यावर हात पुरला. पातेल्याचा तळ दिसला. चंपाबाईंनी भाकरी थापली, ती तव्यावर टम्म फुगली. गुडघा दुखला नाही. त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या, नळ सोडून-बंद करून पाहिला, मासे पुसले. डोळे भरून आले ते त्यांनी चुलीच्या धुरावर ढकललं असतं. पण चूल नव्हती, म्हणून पदरानं पुसले.

"झालं ना मनासारखं?" शेषरावांनी सुटकेच्या आवाजात विचारलं. "आता घे ताब्यात."

"सकाळचं घेते," चंपाबाई म्हणाल्या. "संध्याकाळी मले जमत नाही."

"कायले?"

"मी विहारात जाते."

हे खरं होतं. त्या रिकाम्या महिन्यात विमलबाई त्यांना संध्याकाळी बुद्धविहारात घेऊन जाऊ लागल्या होत्या. वंदना झाली की बायका अर्धा तास बसायच्या, कुणी वाचून दाखवायचं, मग गप्पा. बत्तीस वर्षं ही वंदना चंपाबाईंनी भोंग्यावरून, तव्यासमोर बसून ऐकली होती. आता त्या पुढच्या रांगेत बसायच्या, आणि ते सोडायचा त्यांचा विचार नव्हता. शेषराव विहाराच्या समितीवर होते. वंदनेला जाऊ नको असं ते कोणत्या तोंडानं म्हणणार?

तेव्हा संध्याकाळ शेषरावांकडे राहिली. पायरीमुळे आता त्यांचं डोकं वरच्या माळ्याला लागतं. दोनदा टेंगूळ आलं, मग ते पायरीच्या खाली उभं राहून, लांब हात करून भाजी हलवायला शिकले.

धम्मचक्र दिनाला जोडून सुटी काढून विनोद आणि त्याची बायको स्नेहा पुण्याहून आले. स्नेहानं स्वयंपाकघर पाहिलं, द्राक्षं पाहिली, मासे पाहिले आणि मोठ्या कष्टानं म्हणाली, "कलरफुल आहे." विनोद म्हणाला, एवढ्या पैशात बाबांनी कमाल केली.

"मंग तूही कर कमाल," चंपाबाई म्हणाल्या. "कांदा चीर. आज पाव्हने हायेत, बाबांच्यानं एकट्यानं होनार नाही."

विनोद हसला. कुणीच हसत नाही हे बघून त्यानं सुरी घेतली.

सासू-सून अंगणात बसल्या. आतून कढईचा आवाज आला, मग काहीतरी करपल्याचा वास, मग बापलेकांचं "तुम्ही सांगितलं", "मी नाही सांगितलं". थोड्या वेळानं विनोद घामाघूम होऊन दोन ताटं घेऊन बाहेर आला. बेसनात गाठी होत्या. कांदा अर्धा कच्चा, अर्धा कोळसा. स्नेहाला हसू फुटायच्या बेतात होतं, तोच चंपाबाईंनी तिचा गुडघा दाबला.

"हासू नको," त्या कानाशी म्हणाल्या. "हासली का हे लोक कामातून मोकळे होतात. लय चांगलं झालं म्हन, अन् अजून माग."

स्नेहानं घास गिळला. "अगं बाई, छान झालंय," ती मोठ्यानं म्हणाली. "अजून आहे?"

विनोदचा चेहरा उजळला आणि तो लगबगीनं आत पळाला.