सांबरशिंगी मुठीचा चाकू

माझा खून करण्याचा प्रयत्न केल्याबद्दल माझ्या सासऱ्यांना अटक झाली, तेव्हा मी बेशुद्ध होतो. शुद्धीवर असतो तर पोलिसांना सांगितलं असतं, की तो चाकू मी स्वतः निवडला होता, आणि निवडताना माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. बंगलोरला एका सरकारी कारखान्यात मी इंजिनिअर होतो आणि राजाजीनगरात आमचं बिऱ्हाड होतं. माझी बायको कुसुम बेळगावची. त्या वर्षी पौषात तिची आई गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. तिच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, आम्ही आमच्याकडे घेऊन आलो. कोर्टातून निवृत्त झालेले, गप्पांचे शौकीन, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारे अण्णा आता बोलतच नव्हते. सकाळी खिडकीपाशी खुर्चीत बसत, ते दिवेलागणीला उठत. जेवा म्हटलं की जेवत. कुसुम स्वयंपाकघरात रडायची, डोळे पुसून बाहेर यायची आणि त्यांना बघून परत आत जायची. घरात तिघं माणसं, पण आवाज फक्त स्टोव्हचा!

"अण्णांना हवापालट हवा," मी एक दिवस जाहीर केलं. "दोन दिवस नदीकाठी तंबू ठोकून राहू."

"तंबू?" कुसुम म्हणाली. "तुम्हाला मच्छरदाणी बांधता येत नाही."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. कारखान्यातली काही मंडळी सुट्टीत असं भटकायची. त्यांच्याकडून तंबू मिळाला, अर्कावतीच्या काठची एक चांगली जागा कळली, आणि वर एक सल्ला मिळाला : रानात जायचं तर चाकू हवा. मिटणारा नको. तो ऐन वेळी आपल्याच बोटांवर मिटतो. पातं मुठीत पक्कं बसवलेला, सरळ चाकू घ्या. त्यानं लाकूड फोडता येतं, दोर कापता येतो, वेळ पडली तर जीव वाचतो.

"घरात विळी आहे की," कुसुम म्हणाली.

"रानात विळी घेऊन जायचं?"

"का? तिकडच्या भाज्या वेगळ्या असतात का?"

मी चाकूच्या शोधात निघालो. शिवाजीनगरजवळ लष्कराचा जुना माल विकणारं एक दुकान होतं. दुकानदारानं एक काळाकुट्ट चाकू पुढं केला. पातं जाड आणि मुठीच्या दुसऱ्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं. दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या ठोकलेल्या. दिसायला एखाद्या नापास झालेल्या मुलासारखा. "हा घ्या साहेब, तुमच्या नातवापर्यंत टिकेल," तो म्हणाला. माझ्या खिशाला परवडत होता. पण माझ्या डोळ्याला परवडेना. मग रसेल मार्केटमध्ये खाटकाची सुरी पाहिली. मजबूत, धारदार आणि स्वस्त! पण त्या दिवशी बरोबर आलेल्या कुसुमनं दुकानाच्या दारातूनच सांगितलं, "त्या सुरीनं चिरलेली काकडी मी खाणार नाही, आणि अण्णांनाही खाऊ देणार नाही."

शेवटी चिकपेठेत तो दिसला. सांबरशिंगाची मूठ, मुठीला पितळेचा कंगोरा, आरशासारखं पातं आणि चामड्याचं म्यान! आणि किंमत लष्करी चाकूहूनही कमी. (इतका देखणा चाकू इतका स्वस्त का, हा प्रश्न एका इंजिनिअरला पडायला हवा होता. तो पडला नाही.) दुकानदार म्हणाला, "सायेब, ह्यानं वाघ मारता येतो!" मी तिथंच म्यान पट्ट्यात अडकवलं आणि बसमधून घरी येताना सबंध वेळ उभा राहिलो. बसलो असतो तर लोकांना म्यान दिसलं नसतं.

घरी आल्यावर मी चाकू अण्णांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, मूठ धरली, पात्याचं टोक दोन बोटांत पकडलं आणि म्हणाले, "स्वल्प हलतंय."

"कुसुम!" मी ओरडलो. "अण्णा बोलले!"

ती हात पुसत धावत आली. "काय म्हणाले?"

"ते महत्त्वाचं नाही! बोलले!"

आम्ही दोघं इतके हरखलो, की 'थोडं हलतंय' म्हणजे नक्की काय हलतंय, हे विचारायचं राहूनच गेलं.

शनिवारी सकाळी आम्ही नदीवर पोचलो. तंबू उभा राहिला. (कुसुमनं उभा केला.) अण्णा एका दगडावर, घरी बसत तसेच, पाण्याकडे बघत बसले. "चहाला लाकडं हवीत," कुसुम म्हणाली, आणि माझी वेळ आली. बाभळीची एक वाळकी फांदी मी पायाशी धरली, एक गुडघा टेकला, चाकू डोक्याच्या वर नेला आणि घातला घाव! दुसरा घातला! तिसऱ्याला 'कट्' असा आवाज झाला, आणि बघतो तर हातात नुसती मूठ.

"पातं कुठं गेलं?" मी इकडेतिकडे बघितलं. "गवतात पडलं वाटतं. कुसुम, जपून हं, पायात जाईल!"

कुसुम माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "ते तुमच्या मांडीत आहे."

खरंच होतं! निम्मं आत आणि निम्मं बाहेर. दुखतसुद्धा नव्हतं. मग मी आयुष्यातली सर्वांत मूर्ख गोष्ट केली : ते उपसून काढलं. रक्ताची अशी धार लागली, की मी पाहतच राहिलो. इतकं रक्त आपल्यात असतं ह्याची मला कल्पनाच नव्हती. शाळेत शिकवलं होतं, पण पटलं नव्हतं.

कुसुमनं किंकाळी फोडली. त्यानंतर मला आठवतं ते एवढंच, की दगडावरचे अण्णा उठले. आठवडेच्या आठवडे खुर्चीतून न हललेले अण्णा पळत आले! त्यांनी अंगावरचं धोतर टराटरा फाडलं, मांडीला वरून करकचून आवळलं, जखमेवर दोन्ही हात दाबले आणि रस्त्याकडे तोंड करून कानडीत अशी हाक मारली, की पलीकडच्या शेतातला गाडीवान बैलांसकट आला. गाडीत नाचणीचं काड होतं. त्यावर मला टाकलं. वाटभर अण्णांनी जखमेवरचे हात काढले नाहीत. "जावईबापू, डोळे मिटू नका," एवढंच ते पुन्हापुन्हा म्हणत होते. मी मिटत होतो. ते गदागदा हलवत होते. एकदा त्यांनी माझ्या मुस्कटात मारली. (लग्नापासूनची ती पहिलीच. मी राग धरला नाही.)

तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना होता, आणि चाकूची जखम म्हटल्यावर तिथं पोलीसही आले. एका हवालदारानं माझ्यावर वाकून विचारलं, "यारु चुच्चिद्दु?" म्हणजे, कुणी भोसकलं?

माझी कानडी भाजीबाजारापुरती. प्रश्न समजला, पण उत्तर जुळेना. अण्णांना बोलवा, ते नीट सांगतील, असं मला म्हणायचं होतं. कानडीत सासऱ्याला 'माव' म्हणतात हे मला येत होतं. मी अण्णांकडे बोट दाखवलं, सगळा जीव एकवटून "माव! माव!" म्हणालो, आणि बेशुद्ध पडलो.

पुढचं कुसुमनं मला नंतर सांगितलं. हवालदारानं वळून पाहिलं. माव समोरच उभे! कोपरापर्यंत रक्तानं माखलेले, अंगावर धोतराच्या चिंध्या, आणि नजर शून्यात. मी मेलो अशीच त्यांची खात्री झाली होती. हवालदारानं विचारलं, "तुम्ही केलंत हे?"

अण्णा कानडीत सावकाश म्हणाले, "ह्यालाही मीच कारण."

हवालदाराचे कान उभे राहिले. "ह्यालाही? आधी कोण?"

"माझी बायको," अण्णा म्हणाले.

दुहेरी खून! त्या गावात ह्याआधी कोंबडीचोरीपलीकडे काही घडलं नसावं. अण्णांना तिथून थेट चौकीत नेलं. कुसुम मागून धावत गेली तर तिला सांगितलं, की मुलगी म्हणून तुमची साक्ष घेतली जाईल. आता नवऱ्याजवळ बसा.

सकाळी मी डोळे उघडले. कुसुम उशाशी होती. मांडीला टाके, तोंडाला कोरड. तिनं सगळी हकिकत सांगितली, आणि मी हसलो. (टाके ताणले गेले, हसू तिथंच थांबलं.) ती मात्र हसली नाही.

"ते खरं समजतायत," ती म्हणाली. "पोलीस नव्हे, अण्णा. आईला ताप आला तेव्हा मी डॉक्टर आणा म्हणत होते, आणि ते म्हणाले, एक दिवस वाट बघू. ते एवढे महिने त्या खिडकीत बसून हेच करत होते."

डॉक्टर नको म्हणत असतानाही मी उठलो. उठलो म्हणजे, दोन वॉर्डबॉयनी मला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून समोरच्या चौकीत नेऊन ठेवलं. आत कोठडीत अण्णा बसले होते. मला बघून ते उभे राहिले आणि गज धरून नुसते बघत राहिले. मी हात हलवला.

फौजदार तरुण होता. टेबलावर चाकू ठेवलेला. हवालदारानं पुरावा व्यवस्थित दिसावा म्हणून पातं परत मुठीत ठोकून बसवलं होतं!

"साहेब, ते पातं आपोआप निघालं," मी म्हणालो. कुसुम कानडीत सांगत गेली.

फौजदारानं चाकू हलवून पाहिला. घट्ट! त्यानं सरपणाचं एक लाकूड मागवलं आणि घाव घातला. काही नाही. पुन्हा घातला. पातं जागच्या जागी. आयुष्यात प्रथमच तो चाकू चाकूसारखा वागत होता! फौजदार माझ्याकडे संशयानं बघायला लागला. "दामाद ससुर को बचा रहा है," हवालदार हिंदीत म्हणाला. मी कळवळून ओरडलो, "आणखी एकदा, साहेब! जरा जोरात!"

फौजदारानं हात वर नेला. 'कट्'! पातं हवालदाराच्या कानावरून सणसणत गेलं आणि कोपऱ्यातल्या माठात घुसलं. माठाचे दोन तुकडे झाले. सगळ्या चौकीत पाणी. हवालदार टोपी चाचपत भिंतीला टेकला.

"सरी, ठीक आहे," फौजदार हातातली मूठ टेबलावर ठेवत म्हणाला. "हे समजलं. आता बायकोचं सांगा."

मग कुसुम बोलली. बोलत होती फौजदाराशी, पण बघत होती गजांकडे. "आईला विषमज्वर होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की तिचं हृदयच कमजोर होतं, मला आदल्या दिवशी बोलावलं असतं तरी मी तिला वाचवू शकलो नसतो. मी अण्णांना हे सांगितलंच नाही. आईचं नाव काढलं की ते तोंड फिरवायचे. मला वाटलं, त्यांना ऐकायचं नाही."

अण्णांनी गज सोडले.

"डॉक्टर असं म्हणाले?" अण्णांनी विचारलं. मराठीत.

"हो अण्णा."

"मला का नाही सांगितलंस गं?"

फौजदारानं हवालदाराला खूण केली. कोठडीचं दार उघडलं, पण अण्णा बाहेर यायच्या ऐवजी तिथंच खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. कुसुम आत गेली. मग ती दोघं आत, आणि मी बाहेर खुर्चीत. मला उठताच येत नव्हतं. फौजदारानं कुणालाही घाई केली नाही. स्वतःच्या पैशांनी कॉफी मागवली.

दोन दिवसांनी आम्ही बसनं परत निघालो. माझा पाय वाकत नव्हता, म्हणून मला सगळ्यात मागं, रेशमाच्या कोषांच्या टोपल्यांमध्ये आडवं ठेवलं होतं. त्या टोपल्यांना असा वास येत होता, की मांडीचं दुखणं विसरावं. पुढच्या बाकावर अण्णा कुसुमशी बोलत होते. लग्नानंतर आईनं पहिल्यांदा केलेली भाकरी कशी ताटात वाजली होती, हे सांगत होते, मध्येच थांबून डोळे पुसत होते, पुन्हा सांगत होते. इतक्या महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडत होतं.

तेवढ्यात कंडक्टर आला. त्यानं अण्णांना आणि कुसुमला तिकिटं दिली. मग मागं येऊन टोपल्यांवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली, आणि पुढं ओरडून विचारलं, "हे तुमचंच ना?"

"हो," अण्णा बोलण्याच्या भरात वळूनही न बघता म्हणाले, "आमचंच."

कंडक्टरनं लगेजचं तिकीट फाडलं. कुणीच हरकत घेतली नाही, मीसुद्धा नाही.