कबरस्तानातली हजेरी

शनिवारी सकाळी नगरहून एसटीत बसलो तेव्हा पिशवीत दोन शर्ट, मधुमेहाच्या गोळ्या आणि पुनरुत्थानाच्या पुराव्यांवरची माझी टिपणं होती. तीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं आणि सुट्ट्या पडल्या की गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून श्रद्धेच्या बाजूनं भांडलो. नास्तिक म्हणा, विज्ञानवाले म्हणा, कोणी समोर आलं की मला स्फुरण चढतं. बायको म्हणायची, "तुम्ही नसलात तर देव बिचारा उघड्यावरच पडेल!" या वेळी मात्र समोर माझी सख्खी भाची होती.

थोरली बहीण विमलताई गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या संभाजीनगरच्या मंडळीत एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ईस्टरच्या पहाटे सगळे कबरस्तानात जमतात आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) वर्षभरात वारलेल्यांची हजेरी घेतात. नाव पुकारलं की त्या घरातल्या धाकट्यानं 'आहे' म्हणायचं. तीन हाका होतात. तरी कोणी बोललं नाही तर पाळक पुढच्या नावाकडे वळतात, आणि घरच्यांना ते माणूस पुन्हा मेल्यासारखं वाटतं. ताईच्या घरात धाकटी म्हणजे तिची एकुलती लेक एस्तेर. ती म्हणत होती, मी बोलणार नाही. दाजींचा फोन आला, "तू ये रं बाबा. तुझंच ऐकंल ती."

शेजारी फुलंब्रीचा एक शेतकरी बसला होता, मांडीवर ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं. कुठं, कशाला, सगळं विचारून झालं.

"तुमच्यात जाळत नाय म्हणं?"

"नाही, पुरतो. शेवटच्या दिवशी प्रभू उठवणार."

"सगळ्यायला?"

"सगळ्यांना."

त्यानं भेंडोळं मांडीवर नीट केलं. "मंग सातबारा कुणाच्या नावावर ऱ्हातो?"

झाली का पंचाईत! मोठमोठे नास्तिक पचवले, पण याला माझ्या टिपणांत उत्तर नव्हतं.

पुंडलिकनगरात दाजींचं घर दुसऱ्या मजल्यावर. दाजी निम्मे झालेले. दार उघडून "सलाम" म्हणाले (आम्ही ख्रिस्ती माणसं भेटल्यावर असंच म्हणतो) आणि माझा हात सोडेचनात. चहा झाल्यावर म्हणाले, "ती गेली तव्हा मी दवाखान्यात खाली औषिध आणाया गेल्तो. वर आलो तर आवाज बंद. हजेरी तरी व्हावी, एवढंच मागणं हाय." मला भडभडून आलं.

दुपारी उन्हं कलल्यावर एस्तेर मला कबरीला चुना लावायला घेऊन गेली. पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या रस्त्यापासून जरा आत, पडक्या भिंतीचं जुनं कबरस्तान. वाऱ्याचा लवलेश नव्हता, तरी कडुलिंबाची पानं एकसारखी गळत होती आणि खाली पडताना आवाज होत नव्हता. मला ती जागा पहिल्यापासूनच आवडली नाही. राखणदार हमीदचाचा बादली घेऊन आले. मी एका कट्ट्यावर टेकलो तर ओरडले, "अरे साब, देखके! चुना गीला है!" तोवर पँटची मागची बाजू पांढरीफटक झाली होती. एस्तेर हसली. आल्यापासून पहिल्यांदाच.

ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. गुडघ्यावर बसून आईच्या कबरीला चुना लावता लावता म्हणाली, "मामा, स्टाफरूममध्ये मला ऐकवतात, तुझा देव कुठे आहे ते दाखव. घरी तुम्ही सगळे विचारता, तुला तो दिसत कसा नाही? चुना मी दरवर्षी लावीन. पण आई आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी 'आहे' म्हणणार नाही. खोटं बोलायचं नाही, हे तिनंच शिकवलंय."

मी सुरू झालो. प्रभूची रिकामी कबर, साक्षीदार, शिष्यांचं बदललेलं आयुष्य, एकेक मुद्दा. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सगळं बरोबर असेल. पण तुम्हाला आई हवीय, की वाद जिंकायचाय?"

मी चुन्याची बादली तिच्याजवळ सरकवली. मनात आलं, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

निघताना हमीदचाचा फाटक लावत म्हणाले, "साब, इधर किसी को नाम लेके नहीं बुलाना. पादरीसाब साल में एक बार बुलाते ना, तो मैं उस दिन रोड के उस पार बैठता." मी हसण्यावारी नेलं. रात्री घरी मात्र पुन्हा वाद घातला, घसा बसेपर्यंत. ती हलली नाही. झोपताना मी ठरवून टाकलं, ती नाही बोलली तर आपणच बोलायचं. अंधारात कोणाला कळतंय?

पहाटे शंभरेक माणसं होती, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. पांढऱ्या कबरी जमिनीपासून थोड्या वर उचलल्यासारख्या दिसत होत्या. गीत झालं आणि पाळकांनी कागद उघडला. पहिल्या नावाला एका पोरीनं कापऱ्या आवाजात "आहे" म्हटलं. दुसऱ्याला एका म्हाताऱ्यानं, त्याच्या घरात तो एकटाच उरला होता. मग विमलताईचं नाव आलं.

एस्तेर गप्प. दुसरी हाक. दाजींनी माझं मनगट धरलं, त्यांची नखं रुतली. तिसरी हाक झाली, मी श्वास घेतला, आणि "आहे" ऐकू आलं.

बारीक, जरा वैतागलेलं. हाक मारली की ताई स्वयंपाकघरातून ओ द्यायची, तसं. माझा आवाज असा कसा निघाला, याचं मलाच नवल वाटलं. घसा बसलाय, म्हटलं. पाळकांनी मान हलवली आणि पुढचं नाव घेतलं. दाजी हमसून हमसून रडायला लागले. एस्तेरनं माझा दंड गच्च धरला होता, तिचा हात बर्फासारखा गार. "मामा," ती कुजबुजली, "आईनं ओ दिली."

घरी ईस्टरचं जेवण, नान-खलिया (मटणाचा झणझणीत रस्सा आणि भट्टीतली नान). दाजी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले म्हणे. मला घास गिळेना. जन्मभर सत्याची बाजू घेतल्याची शेखी मिरवली आणि पोरीच्या गळ्यात हा असला खोटा चमत्कार बांधला! सांगावं तर तिचं आत्ता कुठे लागलेलं मन उडणार, न सांगावं तर मी देवाच्या नावानं फसवणारा भोंदू. स्टँडवर तिनं स्कूटर थांबवली तेव्हा राहवलं नाही.

"एस्तेर, माफ कर बाई. पहाटे ते मी बोललो."

तिनं हेल्मेट काढलं.

"नाही, मामा. तुम्ही बोलाल अशी मला भीती होतीच. म्हणून मी सगळा वेळ तुमच्याकडेच बघत होते. तुमच्या तोंडावर मेणबत्तीचा उजेड होता. तुमचे ओठ मिटलेले होते."

"मग कोण..."

"ते मला माहीत नाही. आवाज कबरीच्या बाजूनं आला. ऐकलं ते ऐकलं, त्याहून जास्त मी काही म्हणणार नाही." हेल्मेट पुन्हा चढवत म्हणाली, "पुढच्या रविवारी बाबांना चर्चला घेऊन जाईन. तुम्ही पाणी प्या, मामा, तुमचा रंग उडालाय."

नगरपर्यंत मी खिडकीला टेकून बसलो. पाचावर धारण बसली होती, लपवण्यात अर्थ नाही. कोणीतरी खोडी काढली असेल. दुःखात माणसाला भास होतात. एकाला झाला की शंभरांना होतो. पहिल्या पोरीचाच आवाज भिंतीवरून परत आला असेल. विरोधकांचा एकेक मुद्दा, जो मी तीस वर्षं भर सभेत खोडून काढला, तो मी गाडीत हात जोडून पुन्हा पुन्हा मांडत होतो आणि प्रभूपाशी कळवळून मागत होतो, की यातला एखादा तरी खरा निघू दे.