प्लेसमेंट सेलबाहेरचं स्टूल

कॉलेजातली रद्दी दरवर्षी विकली जाते. किस्से कोणी विकत घेत नाही, म्हणून ते माझ्याजवळ साचले. मी शिपाई. सातवीपर्यंत शिकलो. प्लेसमेंट सेलच्या दाराशी माझं स्टूल असतं आणि आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. मी कान देत नाही. पण कान आहेत!

सेल म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि रामटेके सर. सर तासिका तत्त्वावर. प्राचार्यांनी त्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं, "मार्चपर्यंत एका तरी पोराले नोकरी लावा. नाईतर जूनपासून तुमचे तास बंद."

म्हणजे ज्याची स्वतःची नोकरी पक्की नाही, त्याने दुसऱ्यांना नोकरी लावायची. सरांनी मोबाइलवरचं एक नेटवर्क शोधलं. तिथे म्हणे कंपन्यांचे साहेब बसलेले असतात. सरांनी साठ पोरांची प्रोफाइलं काढली.

*

प्रोफाइलमध्ये अनुभव लिहावा लागतो. मुलचेऱ्याकडचा सुरज मंडल म्हणाला, "सर, मले कायचा अनुभव? उन्हाळ्यात तेंदूपत्ता जमा होते त्या फळीवर मुन्शीच्या हाताखाली पुडे मोजतो."

सरांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "फॉरेस्ट सप्लाय चेन, क्वालिटी मॅनेजर!"

सुरज घाबरला. "सर, हे आमच्या मुन्शीले नोका दाखवू. त्याले वाटन मी त्याची जागा घेऊन राह्यलो."

*

फोटोभोवती हिरवं कडं लावलं की कंपन्यांना कळतं, याला नोकरी पाहिजे. सरांनी एका बैठकीत साठही पोरांना कडं लावलं. प्राचार्यांचं प्रोफाइलही सरांनीच काढलेलं. त्याच झपाट्यात तेही हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा फोन. "काऊन साहेब, आमच्या इथी काई कमी पडलं का?"

प्राचार्य दिवसभर सगळ्यांना सांगत फिरले, "मी कुठीच नाई चाललो."

त्या संध्याकाळी दोन जुने प्राध्यापक अध्यक्षांच्या घरी चहा पिऊन आले. वेगवेगळे!

*

एकदा पुण्याहून व्हिडिओवर मुलाखत आली. पोंभुर्ण्याच्या शबाना शेखची. त्या दिवशी रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. शबाना वर, सर खाली, शिडी धरून मी.

साहेबांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"पाच वर्षं राहू द्या साहेब. मी आता खाली कशी उतरीन, ते पाहून राह्यली."

साहेब पोट धरून हसले. नोकरी दिली नाही. हसवणाऱ्याला कोण पगार देतो?

*

मार्च उजाडला. एकही नोकरी नाही. सरांचा सगळा भरवसा नागपूरच्या एका कंपनीतल्या एचआर बाईंवर. त्या आमची यादी बघणार होत्या. सरांनी पोरांना ताकीद दिली होती, "मॅडमने नेटवर्कवर काईही टाकलं की खाली लगेच दोन शब्द लिहायचे. त्यांच्या ध्यानात राहिलं पाहिजे."

एका सकाळी बाईंनी आपला काळा-पांढरा फोटो टाकला. खाली दोन ओळी. 'इथला प्रवास संपला. साथ देणाऱ्या सगळ्यांचे आभार.'

आमच्या भागात असा फोटो आणि असा मजकूर एकाच कामासाठी निघतो. सुरजने लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' अर्ध्या तासात साठही जणांनी आपापल्या धर्माप्रमाणे बाईंना निरोप दिला.

सर माझ्या स्टुलाजवळ येऊन उभे राहिले. "भाऊ, बाई गेल्या. माहे तासबी गेले."

प्राचार्य म्हणाले, शोकसभा घ्या. आलापल्लीच्या पायल मडावीने कारभार हातात घेतला. फोटो छापून आणला, झेंडूचा हार करवला, दोनशे पोरं मैदानात रांगेत उभी केली. मला म्हणाली, "भाऊ, घंटा द्या. आत्ता!" मला विद्यार्थी हुकूम देत नाहीत. पण मी दिली. हार घातलेल्या फोटोचा फोटो तिनेच नेटवर्कवर टाकला.

दोन मिनिटांचं मौन सुरू झालं आणि सरांचा फोन वाजला. नाव बघून सर पांढरेफटक पडले. घाईत अंगठा स्पीकरवर पडला.

"रामटेके सर, मी जिवंत आहे! फक्त डिपार्टमेंट बदललंय."

सरांनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा हार घातलेल्या फोटोकडे.

"हार मात्र छान आहे. पोस्ट टाकून दोन तास झाले नाहीत. इतक्यात फोटो, हार, एवढी माणसं... हे जमवलं कोणी?"

सर स्वतःचं नाव सांगू शकले असते. म्हणाले, "पायल मडावी, मॅडम. बी.ए. फायनल."

"माझ्याकडे आता कंपनीच्या कार्यक्रमांचं काम आहे. अशीच मुलगी हवी होती. सोमवारी पाठवा तिला. ऑर्डर काढते."

सरांनी माझा हात घट्ट धरला. पायल हार काढायला धावली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

पहिल्या रांगेत प्राचार्य अजून मान खाली घालून, डोळे मिटून उभे होते. मी जवळ गेलो तसं त्यांनी ओठ न हलवता विचारलं,

"देवाजी, झाले का दोन मिनिटं?"