नववीतल्या मुलीचं डोहाळजेवण

मंडळी, आज दुपारी शेजारणीच्या आग्रहानं शहरातल्या गारखेडा भागात एका डोहाळजेवणाला गेले. फुलांचे दागिने घालून पाटावर बसलेली मुलगी बघितली आणि हादरले. पूजा (नाव बदललंय). गेल्या वर्षी नववीत माझ्याच वर्गात होती.

"अहो, हिला आत्ता कुठं सोळावं लागलंय," मी शेजारणीला म्हटलं.

"हळू बोला, मॅडम. आता असली लहानपणीची लगीनं लई कमी झालीत. पेपरात आलं होतं ना."

दोन झाकलेल्या वाट्या पूजापुढं ठेवल्या. तिनं एक उघडली, बर्फी निघाली. म्हणजे मुलगी होणार. सासू म्हणाली, "ती नाय. दुसरी उघड." पूजानं दुसरी उघडली. पेढा निघाला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

ओटी भरताना तिनं मला हळूच विचारलं, "मॅडम, दहावीला बाहेरून बसता येतं का?"

सासूनं ऐकलंच. "व्हय, बस की! पोराला मांडीवर घेऊन बस." सगळ्या हसल्या. पूजासुद्धा हसली.

मी बाहेर येऊन मुलांसाठीच्या १०९८ हेल्पलाइनला फोन केला, पत्ता दिला.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, चौकशीला माणसं आली, तवर सासरच्यांनी पोरीला खेड्यावर नेलं. दवाखान्यात वय विचारतात म्हणून बाळंतपण घरीच करणार म्हणं. झालं तुमचं समाधान?"

आता तिची नोंद कुठंच होणार नाही. गाव कोणतं, तेही आईनं सांगितलं नाही.

तुमच्यापैकी कुणी असा फोन केलाय का? पुढं त्या मुलीचं काय झालं?