‘पुरे’ म्हणजे अजून एक

कोल्हापूरच्या स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा आमच्याजवळ पलटणीला पुरेल इतकं उकळलेलं पाणी होतं आणि माणसं दोनच होती: मी आणि हॅरिससाहेब. हॅरिससाहेब आमच्या संस्थेचे परदेशातून आलेले तपासनीस. ही संस्था गरीब देशांतल्या मुलांना दुधाची पावडर फुकट पुरवते. ती पावडर मुलांच्या पोटात जाते का, आणि गेल्यावर त्यांचं काही कायमचं भलं होतं का, हे तीन दिवसांत ठरवायला साहेब आले होते. मी संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसात टायपिंग करते. मला दुभाषी म्हणून धाडलं होतं. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि मी दोन्ही भाषांत फारसं बोलत नाही. दुभाष्याला स्वतःचं असं काही बोलावं लागत नाही, म्हणून हे काम मला बरं वाटलं होतं.

स्टेशनबाहेर जीप घेऊन बाबालाल ड्रायव्हर उभा होता. त्याच्या घरात आजोबांच्या टांग्यापासून गाडी हाकायचाच धंदा. माझं पहिलं वाक्य ऐकून तो म्हणाला, “बाईसाहेब, मराठी चांगलं हाय की तुमचं. पावाला लोणी लावल्यागत लागतंय जरा, पर चांगलं हाय.”

साहेबांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, स्वागत करतोय.

पहिला घोटाळा आम्हाला मुंबईतच ठाऊक होता. या भागात बावडे दोन आहेत. एक कसबा बावडा, कोल्हापूरला लागूनच. तिथे साखर कारखाना, उसाचे मळे आणि घरटी गोठा. दुसरा गगनबावडा, घाटमाथ्यावर, जिथून रस्ता कोकणात उतरतो. गेल्या उन्हाळ्यातली पावडर गगनबावड्यासाठी होती. पण आमच्या ऑफिसात कुणाला तरी ‘गगन’ हा शब्द फाजील वाटला असावा. पत्त्यात नुसतं ‘बावडा’ राहिलं आणि पिपं उतरली ती कसबा बावड्यात.

“मग ती पावडर गेली कुठं?” मी बाबालालला विचारलं.

“बावड्यात घरटी म्हस, पावडर कोण पितंय? चला, दावतो.”

त्याने आम्हाला शिवाजी पेठेतल्या पोरांच्या सरावाच्या मैदानावर नेलं. या पेठेत तालमी आणि फुटबॉलच्या टीमा घरातल्या देवांइतक्या जपतात. मैदानावर नुकत्याच आखलेल्या पांढऱ्याशुभ्र रेघा होत्या आणि एक कुत्रं कोपऱ्यापासून सुरुवात करून त्या चाटत निघालं होतं. दोन बोटं रेघेवर फिरवून साहेबांनी वास घेतला. तो त्यांच्या ओळखीचा निघाला.

“चुन्यापरास बरी,” गोलकीपर आम्हाला समजावून म्हणाला. “डोळ्यांत गेली तर जळत न्हाई. फकस्त मुंग्या लई येत्यात.”

मी भाषांतर केलं. साहेबांनी बोटं रुमालाला पुसली. मग म्हणाले, खेळ हाही मुलांच्या आरोग्याचाच भाग आहे, नाही का? अपयश कुठल्याही खड्ड्यात पडलं तरी त्याला हात देऊन वर काढायचं हे कसब त्यांच्यापाशी होतं. पुढचे दिवस मी ते कसब पाहत राहिले.

संध्याकाळी आम्ही दूधकट्ट्यावर गेलो. इथे गवळी म्हशी घेऊन रस्त्याकडेला उभे राहतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. धारोष्ण (नुकतं काढलेलं, कोमट) दूध प्यायला तालमीतली माणसं रांग धरून असतात. साहेबांनी दोन पावलं मागे जाऊन जंतूंविषयी काही सांगितलं. गवळ्याने मला विचारलं, “हे पावणं (पाहुणे) कशापायी आल्यात?”

“गरीब मुलांसाठी दूध घेऊन आलेत.”

“दूध? कुठनं?”

“परदेशातून.”

“आन् म्हशी कशात घालून आणल्या?”

“म्हशी नाहीत. पावडर आहे.”

गवळ्याने धार थांबवली, म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तिला म्हणाला, “ऐकलंस न्हवं? तुला सुट्टी.”

साहेबांच्या वाटचा पेला मी प्याले. दुधाची मिशी पुसायला रुमाल सापडेना. बाबालालने दुसरीकडे तोंड वळवून मला वेळ दिला.

रात्री कसबा बावड्यात भाऊसाहेबांकडे जेवण होतं. हे संस्थेच्या इथल्या कमिटीचे अध्यक्ष. पांढरा रस्सा पाहून साहेबांचा चेहरा उजळला. आपल्या पावडरचा असाही उपयोग होतो तर, असं ते म्हणाले. तो मटणाच्या पाण्याचा आणि नारळाच्या दुधाचा आहे हे मी सांगितलं, तेव्हा त्यांनी वाटी हळूच बाजूला सारली. मग त्यांनी मला ‘बस’ या अर्थाचा मराठी शब्द विचारला. मी सांगितलं: पुरे.

“पुरे,” साहेब भाऊसाहेबांच्या पत्नीला म्हणाले. वहिनींनी आणखी एक भाकरी वाढली.

“पुरे, पुरे.”

आणखी रस्सा आला.

भाऊसाहेब मांडीवर थाप मारून हसले. “बाई, सांगा सायबास्नी. आमच्यात पावणं पुरे म्हणतंय ते लाजून. त्येचं ऐकायचं नसतंय. पुरे म्हंजे अजून एक!”

मी ते शब्दशः सांगितलं. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ते माझ्याकडून पुन्हा वदवून घेतलं. हा देश आता कळायला लागला, असं म्हणाले.

त्याच पंगतीत बाबालाल होता. त्याचं पोट भरलं तेव्हा त्याने काही न बोलता ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि वर वाकला. त्याबरोबर वहिनींचा रश्श्याचा डाव माघारी फिरला. इथे खरं ‘पुरे’ असं म्हणतात. पण ते तोंडाने म्हणत नाहीत, त्यामुळे त्याचं भाषांतर माझ्याकडे कुणी मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी गगनबावड्याकडे निघालो. ऊस मागे पडला, भातखाचरं लागली, मग झाडी. उन्हाळा असून घराघरांवर गवताच्या झडी (पावसाचे आडोसे) चढवायचं काम चाललं होतं, कारण इथला पाऊस आला की महिनोन्‌महिने हलत नाही. गावाच्या अलीकडच्या एका वाडीत बालवाडीपुढे बायका जमल्या होत्या. त्यांच्या पुढे होत्या अक्काताई, पन्नाशीच्या, कासोटा घट्ट आवळलेला, आवाज खणखणीत. खोलीत आमची पिपं ओळीने मांडलेली होती. पत्त्याचा घोटाळा उमगल्यावर गेल्या पावसाळ्याआधीच नवी खेप धाडली होती ती.

“पोरं पितात का?” साहेबांनी विचारायला सांगितलं.

“पित्यात की. फुकटचं कोण टाकतंय?” अक्काताई म्हणाल्या. “पर आमचं ऐका. हितं घरटी एक म्हस हाय. एरवी आमचं दूध कोल्लापूरला जातंय. पावसाळ्यात वाट बंद हुती, टेम्पो येत न्हाई. तवा आमचं गिऱ्हाईक एकच, ही बालवाडी आन् पलीकडचं शाळेचं बोर्डिंग. त्येच्या जिवावर आमी चार म्हयनं म्हशीला पेंड घालतो. तुमचं फुकट दूध आलं आन् त्येंनी आमचं बंद केलं. गेल्या पावसाळ्यात मी दूध वताडात (ओढ्यात) वतलं. दोघींनी म्हशी इकल्या. ह्या पावसाळ्यात असंच झालं तर माझी बी जाणार.”

मी सगळं सांगितलं. साहेब मान हलवत राहिले.

“तुमचं उपकार न्हाई म्हणत न्हाई,” त्या पुढे म्हणाल्या. “रेशनला दाणा नव्हता त्या साली तुमच्याकडचा लाल जोंधळा खाऊन जगलो आमी. पर ते त्या साली. पावणा अडीनडीला धावला तर त्येचं पाय धुवावं. पर अडचण सरली तरी उठंना, चुलीम्होरंच बसला, तर घरच्यांनी जेवायचं कुठं? म्हणून सांगते, आता पुरे.”

शेवटचा शब्द साहेबांना कळला. दुभाष्याशिवाय कळलेला तो त्यांचा पहिला मराठी शब्द. त्यांचा चेहरा आदल्या रात्रीसारखा उजळला. “पुरे! पुरे!” ते हसत म्हणाले आणि माझ्याकडे वळले. सांग तिला, यंदा दुप्पट पाठवू.

मी म्हटलं, सर, ती खरंच नको म्हणते आहे. तिची म्हैस जाईल.

काल काय शिकलो आपण? साहेबांनी प्रेमळपणे विचारलं.

मी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने. माझाच आवाज मला परका वाटला. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तू शहरातली मुलगी, म्हणाले, तुला या लोकांच्या रीतीभाती कशा ठाऊक असणार?

“काय म्हणालं?” अक्काताईंनी विचारलं.

“यंदा दुप्पट पाठवणार आहेत.”

अक्काताई माझ्याकडे वळल्या. “पोरी, तू सांगितलंस न्हवं?”

“सांगितलं.”

“मग त्येंला ऐकू येत न्हाई व्हय?”

“येतं,” मी म्हटलं. “कळत नाही.”

अक्काताई उठल्या. सरळ खोलीत गेल्या, पहिल्या उघड्या पिपावर दोन्ही हात आडवे धरले आणि वर वाकल्या. मी साहेबांना सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी कॅमेरा काढला होता.

“झालं,” माझ्यामागून बाबालाल म्हणाला. “फोटू निघाला.”

परतीच्या प्रवासात साहेब फार समाधानी होते. लोक गरीब आहेत, पण किती विनयी, असं गाडीत त्यांनी मला सांगितलं. भलं कायमचं होतं का हा त्यांचा प्रश्न त्यांच्यापुरता सुटला होता. ज्याचं भलं व्हायचं त्याने ‘नाही’ म्हटलेलं ऐकायला उत्तरात जागाच ठेवली नसेल, तर तो प्रश्न फार लवकर सुटतो.

दिवाळीच्या सुमाराला बाबालाल कुणाची तरी गाडी घेऊन मुंबईला आला आणि मला ऑफिसच्या दारात भेटला. मी विचारायच्या आत म्हणाला, “अक्काताईनं म्हस इकली.”

“आणि पिपं?”

“दुप्पट आली की. यंदा पत्ताबी बरोबर हुता.” मग म्हणाला, “पिपं मातर झकास. रिकामी झाल्यावर दारात मांडल्यात बायकांनी, पावळणीचं (वळचणीचं) पाणी धराय. गंजत न्हाईत, गळत न्हाईत.”

म्हणजे मदतीतलं कायमचं असं काही निघालं खरं. पत्रा चांगला होता.

त्यानंतर संस्थेचा अहवाल छापायला निघाला आणि त्यासाठी साहेब पुन्हा मुंबईला आले. मुखपृष्ठावर अक्काताई, पिपावर दोन्ही हात, कपाळाला आठी. इंग्रजीत खाली ओळ होती: एक माता आमची भेट जिवापाड जपते आहे. कोल्हापूरकडे वाटायच्या मराठी प्रतीसाठी ती ओळ मला लिहायची होती. मी अक्काताईंचं नाव लिहिलं आणि पुढे त्यांचाच शब्द.

साहेबांनी कागद उलटसुलट पाहिला. त्यांना देवनागरी वाचता येत नाही. इतकं थोडकं? काय लिहिलंस?

“पुरे,” मी म्हटलं.

ते मनापासून हसले. छान, म्हणाले, अगदी तसंच राहू दे. मी कागद छापखान्यात नेऊन दिला.