महेंद्रची पाळी

तिसगावची प्रज्ञा गटप्रमुख म्हणून भलतीच कडक. अठ्ठ्याण्णव साली नगरच्या कॉलेजात संगणक-सुरक्षेचा प्रोजेक्ट ती, उझैर आणि महेंद्र अशा तिघांचा, म्हणून पासवर्डही तिघांचा. एकेकाने आपला तुकडा टाकायचा, बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. "चुलीत गेली मैत्री, पाठ फिरव!" ती उझैरवर खेकसायची.

मग महेंद्र अपघातात गेला. शेवटचा तुकडा त्याचा. तो कुणालाच ठाऊक नव्हता. तरी एका दुपारी प्रज्ञा आणि उझैर लॅबमध्ये बसले. दोघांनी आपापला तुकडा टाकला आणि सवयीने उठून भिंतीकडे तोंड केलं.

पाठीमागे कीबोर्ड खडखडला.

उझैर तिच्या शेजारीच उभा होता, हात छातीशी घट्ट धरून. "प्रज्ञा, वळू का?"

"थांब," ती कुजबुजली. "त्याचं अजून झालं नाही."