अण्णा पुन्हा ॲक्टिव्ह

सुरुवात माझ्याच घोळापासून करतो, कारण तो घातला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी बेंगळुरूतल्या आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. म्हणजे त्या मीटिंगला मी उशिरा पोचलो आणि तोवर बाकीच्यांनी निवड उरकली होती. त्यात सभासदांची माहिती ठेवायला मंडळाने सॉफ्टवेअर घेतलं, आणि ‘तुम्ही कंपनीत आहात ना’ म्हणून तेही माझ्या गळ्यात पडलं. मी कंपनीत आहे, पण खरेदी विभागात. हे कोणी ऐकूनच घेतलं नाही.

तर मी मोठ्या हौसेने त्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जाण्याची सोय केली. पहिली शुभेच्छा गेली मंडळाचे जुने सभासद माधवअण्णा यांना... ‘शतायुषी व्हा’... मंडळाच्या ग्रुपवर, सगळ्यांसमोर. अण्णांना जाऊन तेव्हा काही महिने झाले होते. मी स्वतः अंत्यविधीला होतो.

ग्रुपवर जे ऐकायचं ते ऐकून घेतलं आणि त्याच संध्याकाळी अण्णांच्या नावापुढचं ‘ॲक्टिव्ह’ काढून ‘इनॲक्टिव्ह’ केलं. सेव्ह केलं. विषय संपला.

सकाळी चहा घेताना बघतो, तर अण्णा ॲक्टिव्ह.

आता एक सांगून ठेवतो. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. सॉफ्टवेअरवरही फारसा नाही. त्यामुळे मी स्वतःलाच दोन शिव्या घातल्या, पुन्हा इनॲक्टिव्ह केलं, पुन्हा सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी अण्णा परत हजर. मग मी हट्टालाच पेटलो. रोज संध्याकाळी मी अण्णांना घालवायचो आणि रोज सकाळी ते परत यायचे. हयातीतही ते असेच होते. या सॉफ्टवेअरला सगळ्यात जास्त विरोध त्यांचा. पाडव्याच्या पंगतीचं आमंत्रण ते घरोघरी स्वतः फोन करून द्यायचे. ‘मशीन काय बोलावतंय, आणि माणसं काय येतायत’ म्हणायचे.

शेवटी सॉफ्टवेअरवाल्यांच्या इंदिरानगरच्या ऑफिसला फोन लावला. दिव्या नावाच्या मुलीने शांतपणे विचारलं, “सर, आपने सेव्ह किया था?”

“मॅडम, मी आता झोपेतही सेव्ह करतो,” मी हिंदीत सांगायचं ते मराठीतच सांगून बसलो.

तिने तिच्या बाजूने तपासलं. कोणता बदल कोणी केला याची तिथे नोंद राहते. माझ्या प्रत्येक चुकीपुढे माझं नाव ठळक होतं. अण्णांना परत आणणाऱ्या बदलांपुढे मात्र नावाची जागा कोरी. “ऐसा होता नहीं है, सर,” ती म्हणाली. होत नाही, पण होतंय, एवढं तिने मान्य केलं आणि तक्रार नोंदवून घेतली. त्या तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारू नका.

मग ती म्हणाली, “और सर, आपने मोबाईल नंबर भी चेंज किया है.”

मी केलेला नव्हता. अण्णांच्या नावापुढे आता भलताच नंबर होता. म्हटलं, सापडला चोर. अण्णांच्या घरचंच कुणीतरी हे करतंय. तो नंबर लावला... आणि पलीकडून शांताक्का बोलल्या. अण्णांच्या पत्नी.

फोनवर हा विषय काढणं बरं दिसेना. ऑफिसमधून लवकर निघालो आणि बनशंकरीला त्यांच्या घरी गेलो. वाटेत ट्रॅफिकमध्ये वाक्यं जुळवत होतो, की अक्का, राग मानू नका, पण तेवढं अण्णांचं नाव...

मी बसायच्या आतच अक्का म्हणाल्या, “मंडळातनं मला काढलात होय रे?”

“तुम्हाला? छे, कोण म्हणालं?”

“म्हणायला कशाला पायजे? ते गेल्यावरपण त्यांच्या फोनवर मेसेज येत होते, पण आता काहीच येईना. शेजारच्या मालतीला पाडव्याचं आलं, मला नाही. मुलगी म्हणायलीय हुबळीला ये. मीपण सरी, येते म्हटलं. हितं आता कोण विचारायलंय?”

कोपऱ्यात दोन खोकी बांधून ठेवलेली. पाडव्याच्या आमटीचा मसाला दर वर्षी अक्कांच्या हातचा असायचा, त्या आमटीचं भलंमोठं पातेलं पालथं घालून एका खोक्यावर ठेवलेलं.

मी तिथेच मोबाईलवर सॉफ्टवेअर उघडलं. आणि तेव्हा उजेड पडला. आमच्याकडे सभासद म्हणजे घरातला पुरुष. बायको त्याच्या नावाखाली, तीसुद्धा नुसती ‘सौ.’ म्हणून, पुढे नाव नाही. फॉर्मच तसा केलाय, आणि तो करणाऱ्या कमिटीत मीही होतो. कुटुंबप्रमुख इनॲक्टिव्ह केला की अख्खं कुटुंब बंद. मंडळाचे मेसेज जातात रात्री, आणि मी रोज संध्याकाळी अण्णांना घालवत होतो, त्यांच्याबरोबर अक्कांना.

“अक्का, चूक माझी आहे. पण हा तुमचा नंबर मंडळात कोणी दिला?”

“कोणी नाही की. हा फोनच मुलीनं ते गेल्यावर घेऊन दिला. तिला आणि डॉक्टरला सोडून कुणाकडं नाही नंबर.” मग त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तुला कुठनं मिळाला?”

मी खोलीभर नजर फिरवली. घरात कॉम्प्युटर नाही. अण्णांच्या जुन्या फोनवर अक्का मेसेज तेवढे वाचतात, आणि मंडळाच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड त्या घरात कोणालाच कधी दिलेला नव्हता.

मी अक्कांना वेगळं सभासद केलं. “श्रीमती लिहू ना?”

“नको. शांता लिही. नुसतं.”

सेव्ह केलं, पाडव्याचा मेसेज पाठवला, त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. मग उठून पातेलं खोक्यावरून उतरवलं आणि म्हणाल्या, “स्वल्प बस. कॉफी करते.”

त्या संध्याकाळी मी अण्णांना शेवटचं इनॲक्टिव्ह केलं. सकाळी बघितलं, तसंच. त्यानंतर रोज बघतो. अण्णा परत आले नाहीत.

तांत्रिक कारण असेल तर कृपया कळवा, मी खरंच ऐकून घेईन. दिव्याच्या ऑफिसला सापडलं नाही, मला तर सापडण्याचा प्रश्नच नव्हता. आणि तो नंबर... त्याचं मी काय करू?

अक्कांकडून आलो त्याच रात्री बायकोला सगळं सांगितलं होतं. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, “माझं नाव कुठे आहे त्यात?”

मी बघितलं. माझ्याखाली. सौ.

“उद्या सकाळी आधी ते वेगळं करा,” ती म्हणाली. “अण्णांना जमलं. तुम्हाला जिवंतपणी जमत नाही, मेल्यावर काय जमणार?”